भाऊजींची खोली

वाटणीचा विषय निघाला की आपल्याकडे बांध, विहीर, पाण्याची पाळी, फार तर सासूबाईंच्या पाटल्या यांवर बोलणं होतं. घरात मनाने आजारी असलेला भाऊ किंवा बहीण असेल तर त्यांनी राहायचं कुठे, हे मात्र कोणी काढत नाही. आमच्याकडे ते काढावं लागलं, म्हणून लिहिते.

माझे धाकटे दीर बारावी झालेले, हिशेबाला पक्के. 2011 साली ते रात्र रात्र जागू लागले. आपल्याशी कोणी बोलतंय म्हणायचे. विहिरीवरची मोटर चालू ठेवून निघून जायचे, ते तिसऱ्या गावात सापडायचे. अंगारे-धुपारे झाले, देवऋषी झाले. अखेर उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सरकारी मनोरुग्णालयाची वाट दाखवली. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया निघालं. साडेतीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "यांना आता घरी न्या."

घरी न्यायचं म्हणजे नेमकं कुठे? भाऊजींच्या खोलीत तोवर सोयाबीनच्या गोण्या रचल्या होत्या. एका चुलत सासऱ्यांनी सुचवलं, मळ्यातली शेड रिकामीच आहे, तिथे राहू द्या, डबा पोचवत जा. घरात दोन मुली, दारात येणारंजाणारं माणूस. पुष्कळांना ते पटण्यासारखं वाटलं. सासूबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गोण्या न्या की शेडात. त्यांना एकटं राहायला भ्या वाटत नाही." दुसऱ्या दिवशी गोण्या हलल्या.

त्या दवाखान्यात मी बरी झालेली माणसं पाहिली आहेत. अंगावर धड कपडे, बोलणं सरळ, आपलं गाव-शिवार नीट सांगणारी. पण न्यायला कोणी येत नव्हतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे अशी सरकारी मनोरुग्णालयं आहेत. औषध तिथे मिळतं. राहायची जागा मात्र त्यांना औषधासारखी चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

हे मी एकटी म्हणत नाही. लंडनमध्ये 1950 नंतर काही संशोधकांनी दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांचा माग ठेवला. ज्या घरात माणसाला येता-जाता टोचून बोललं जाई, तिथे दुखणं जास्त वेळा उलटलं. बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे. तिथली शेतकरी कुटुंबं शेकडो वर्षं परक्या मनोरुग्णांना आपल्या घरी ठेवून घेत आली. एका ताटात जेवण, जमेल तेवढं शेतातलं काम. 1930 नंतरच्या काळात तर साडेतीन हजारांवर माणसं तिथे अशी राहत होती. आता संख्या बरीच घटली आहे, पण रीत चालू आहे. परक्यांना ठेवणारं गाव असू शकतं, आपला तर सख्खा भाऊ!

गुलाबाच्या पायघड्या होत्या असं समजू नका. पहिलं वर्ष कठीण गेलं. गोळ्यांनी भाऊजींना सुस्ती यायची, सकाळी उठवत नसे. लोक म्हणायचे आळशी झाला. बरं वाटलं म्हणून त्यांनी मध्येच गोळ्या सोडल्या. पंधरा दिवसांत झोप उडाली, आंघोळ सुटली, पुन्हा भिंतीशी बोलणं सुरू झालं. तेव्हापासून रात्रीची भाकरी झाली की गोळी, आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही, असं ठरलं. झोप मोडायला लागली की आम्ही थांबत नाही, दवाखाना गाठतो. कामही हलकं दिलं: शेळ्यांचा चारा आणि दुधाच्या डेअरीचा हिशेब. डेअरीच्या वहीत त्यांचा आकडा अजून चुकलेला नाही.

आता जमिनीचं. आमच्याच भावकीत कुजबुज झाली की वेड्याचं नाव सातबाऱ्यावर कशाला, हक्कसोडपत्रावर सही घ्या. आमच्या घरधन्यांनी वकील गाठला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात स्पष्ट आहे, आजार किंवा व्यंग आहे म्हणून कोणाचा वारसा जात नाही. माणूस भानावर नसताना घेतलेली सही कोर्टात टिकणं अवघड, आणि माणुसकीत तर बसतच नाही. नाव तसंच राहिलं.

2017 सालचा मानसिक आरोग्याचा कायदा 2018 पासून लागू आहे. त्यात मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणाला दवाखान्यात अडकवून ठेवायचं नाही, असंही त्यात आहे. घरच्यांनी टाकून दिलं तर आपल्याच घरात राहण्याचा हक्क मिळवायला सरकारने वकिलाची मदत द्यायची. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. ज्यांना घरच उरलं नाही त्यांच्यासाठी सरकारने लहान निवारागृहं काढावीत, असं कायदा सांगतो. कागदावर चांगलं आहे. गावाकडून बघितलं तर अशी घरं फार थोडी दिसतात, आणि हे आमदार-खासदारांना मत मागायला आल्यावर विचारायला हरकत नाही.

कोणाच्या घरी असं दुखणं असेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून जा. जुना कागद सोबत न्या. सुगीत खेप जमणार नसेल तर गोळ्या थोड्या जास्त दिवसांच्या मिळतील का, हेही विचारा. 14416 हा सरकारी फोन रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन आजाऱ्यानेच करायला हवा असं नाही, घरच्या माणसानेही चालतो.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. दिवाळीनंतर दोघा भावांची वाटणी लिहिली. आमचा मुलगा उद्या सून आणील, घर नवं बांधील, तेव्हा काय, याची काळजी घरधन्यांना होती. म्हणून कागदावर लिहून घेतलं: पूर्वेकडची खोली, तिच्यापुढची पडवी आणि मोरीकडे जायची वाट भाऊजींची, ते हयात असेतोवर कोणी हलवायची नाही. मुलानेही साक्षीदाराच्या खाली सही केली. भाऊजींनी तो कागद दोनदा वाचला, मग म्हणाले, "वहिनी, खिडकीची फळी निखळलीय, ती पण यात लिहायची का?" ती दुसऱ्याच दिवशी सुताराकडून बसवून घेतली.