कोसीच्या पात्रात

मराठीचा प्राध्यापक आणि पक्षी यांचे नाते फार जुने आहे. गेली वीस वर्षे मी वर्गात कोकिळा, चातक आणि राजहंस उडवीत आलो आहे. मात्र खिडकीबाहेरच्या गुलमोहरावर कोण ओरडतो आहे, असे एखाद्या मुलीने विचारले, की हजेरीपट उघडण्यावाचून मला गती नसते.

आमच्या घरात पक्षी ओळखणारे एकच, थोरले बंधू अण्णा. टपालखात्यात नोकरी करता करता त्यांनी वह्यांवर वह्या भरल्या : तारीख, ठिकाण, वेळ, पक्षी, संख्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचे कळले. हा आजार कडेची नजर आधी खातो, मधला तुकडा तेवढा शिल्लक ठेवतो. "वर्तमानपत्राची सुरळी करून तीतून जग पाहावं, तसं चाललंय," असे अण्णा म्हणतात. गेल्या माघात जेवता जेवता ते म्हणाले, "सुरळी आणखी बारीक व्हायच्या आत एकदा कॉर्बेटला जाऊ या." अण्णांनी माझ्याकडे कधी काही मागितल्याचे मला आठवत नाही. मी रजेचा अर्ज टाकला.

दिल्लीहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी रामनगर येते. गाव उत्तराखंडातले, हिमालयाच्या अगदी पायथ्याचे. इथले अरण्य १९३६ साली हेली नॅशनल पार्क या नावाने राखले गेले आणि १९५५ साली जिम कॉर्बेट वारल्यानंतर त्याला त्याचे नाव मिळाले. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभही इथूनच झाला. साहजिकच येणारा प्रत्येक जण वाघाच्या मागे! आम्ही "वाघ नाही दिसला तरी चालेल" म्हणालो, तेव्हा जीपवाल्याने आमच्याकडे, हॉटेलात शिरून नुसते पाणी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावे, तसे पाहिले.

मार्चचा पहिला आठवडा होता. पहाटे अंगावर शाल लागे आणि दहा वाजता ती ओझे होई. सालवृक्षांखाली वाळक्या पानांचा सडा पडला होता. आपली काटेसावर तिकडे सेमल होते. ती निष्पर्ण अंगावर लाल फुले घेऊन उभी होती आणि मैना, बुलबुल, पोपट, कोतवाल अशी सर्वजातीय पंगत तिच्यावर बसली होती. एवढ्यात झाडीत कोंबडा आरवला. "जवळच वस्ती दिसते," मी म्हणालो.

अण्णा खो खो हसले. "वस्ती कसली! तांबडा रानकोंबडा तो. घरच्या कोंबड्यांचा मूळपुरुष. आरवण्याचा शेवट ऐक, कुणी गळा दाबल्यासारखा तुटतो. आपल्या सह्याद्रीतला राखी. त्याची बांग निराळी."

थोड्या वेळाने डोक्यावरून लोहाराच्या भात्यासारखा फस्‌ फस्‌ आवाज गेला. मान वर न करताच अण्णा म्हणाले, "मोठा धनेश. पंख वाजतात त्याचे." मी मान वर केली, तोवर तो गेलेला होता. दोन धड डोळ्यांचा मनुष्य त्या जीपमध्ये अगदीच निरुपयोगी ठरला.

परंतु अण्णा आले होते ते एका वेगळ्याच पक्ष्यासाठी. त्याला इंग्रजीत आयबिसबिल म्हणतात. तो महाराष्ट्रात येतच नाही, त्यामुळे आपल्या लोकांनी त्याला नाव ठेवलेले नाही. एरवी नावे ठेवण्यात आपण मागे नसतो. उन्हाळ्यात तो हिमालयातल्या उंच नद्यांच्या गोट्यांत अंडी घालतो, हिवाळ्यात पायथ्याशी उतरतो. उद्यानाच्या पूर्वेकडून वाहणाऱ्या कोसी नदीत, गर्जियादेवीच्या आसपास, तो दिसतो. ऊन तापू लागले की पुन्हा वर जातो.

नदीवर गेलो, आणि अण्णांचे कान बाद झाले. पाण्याचा खळखळाट सगळे गिळून टाकीत होता. वाटाड्या मुलाने बोट दाखवले. मी दुर्बीण लावली. राखाडी अंग, काळा चेहरा, छातीवर काळा पट्टा आणि खाली वाकलेली लालभडक चोच!

"वा! काय सुंदर आहे हो!"

"सुंदर राहू दे. कुठं आहे ते सांग."

"तो काय, दगडाजवळ."

कोसीच्या पात्रात दगडांखेरीज दुसरे काही नाही. अण्णांची दुर्बीण इकडून तिकडे फिरत राहिली. माझी वीस वर्षांची मराठी त्यांना एक दगड दाखवू शकेना. अखेरीस ते म्हणाले, "हां, दिसला. चल."

रात्री ते सांगत गेले आणि मी वहीत लिहीत गेलो. "कोसी, गर्जिया. सकाळी साडेआठ. आयबिसबिल, एक." मग थांबून म्हणाले, "पुढे कंसात लिही : स्वतः पाहिला नाही."

परतीची गाडी दुसऱ्या रात्रीची होती. उजाडता उजाडता आम्ही पुन्हा नदीवर गेलो. पक्षी सापडायला तासभर गेला. या वेळी मी विशेषणे घरी ठेवली.

"समोर ओंडका अडकलाय. सापडला?"

"सापडला."

"त्याच्या उजव्या टोकापासून सरळ खाली, पाण्याच्या कडेला. पांढरा दगड, नारळाएवढा."

"हं."

"तिथून डावीकडे, हळूहळू. दोन काळे दगड सोडा. तिसरा दगड नाही."

अण्णा बोलेनात. त्यांची दुर्बीण प्रथमच स्थिर झाली होती. मी माझी डोळ्यांवरून काढली.

"चोच दगडाखाली घातली त्यानं," ते पुटपुटले. "काढली. काहीतरी मिळालंय. तू बघतोयस ना? अरे, बघ ना!"