जिल्हा कोणाचा?

माझा आजा निजामाच्या राज्यात जन्मला. जिल्हा परभणी. १९४८ ला निजामी गेली, १९५६ ला आमचं गाव मुंबई राज्यात आलं, १९६० ला महाराष्ट्रात. आजा जागचा हलला नाही, हललं ते सरकार. पुढं १ मे १९९९ ला परभणीचा तुकडा पडला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा झाला. मी जन्मलो तो या नव्या जिल्ह्यात. बाप परभणीचा, पोरगा हिंगोलीचा, अन् वस्ती तीच, गावाच्या खालच्या अंगाला.

आज मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर धागे सांधतो. पाळीत जालन्याचा आहे, लातूरचा आहे. १९६० ला मराठवाड्यात पाच जिल्हे होते, आता आठ आहेत. १९८१ ला जालना, १९८२ ला लातूर, १९९९ ला हिंगोली. सबंध महाराष्ट्राचे २६ चे ३६ झाले, शेवटचा पालघर, २०१४ चा.

जिल्हा आभाळातून पडत नाही, दोस्तांनो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४. सरकार आधी मसुदा छापतं, लोकांच्या हरकती घेतं, मग अधिसूचना काढतं. म्हणजे बोलायची जागा कायद्यात आहे. पण जिल्हा मागायला पुढं कोण असतं? व्यापारी, वकील, प्लॉटवाले, आमदारकीवर डोळा ठेवणारे. आपण मागं, घोषणा द्यायला. हरकतीच्या अर्जावर आपल्या वस्तीची सही किती वेळा असते?

नावाचंही तसंच. २०२३ ला औरंगाबाद अन् उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं अधिसूचनेनं बदलली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं १९७८ ला केला, तेव्हा आपली घरं जळाली, माणसं मेली. नाव लागायला १९९४ उजाडलं, तेही मराठवाडा हा शब्द मागं ठेवून. कोणाचं नाव कागदावर बदलतं अन् कोणाच्या नावाला रक्त लागतं, हे ध्यानात ठेवा.

बाबासाहेबांनी १९५५ ला भाषावार राज्यांवर लिहिलं, तेव्हा मराठी मुलखाची एक नव्हे, चार राज्यं सुचवली. राज्य जितकं मोठं, तितकी बहुसंख्य जमात जड, अन् आपण तितकेच हलके, हा त्यांचा हिशेब. हा हिशेब जिल्ह्याला लागू पडतो का? माझ्या मते अर्धाच. जिल्हा लहान झाला की कलेक्टर जवळ येतो, तसा पाटीलही जवळ येतो. जिल्हा बँक, बाजार समिती, जिल्हा परिषद, जिथं बघावं तिथं तीच चार घरं. साहेबाच्या कचेरीत आपण पोचायच्या आधी त्यांचा चहा झालेला असतो.

मग जिल्हा तुटला काय न् राहिला काय, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणारे कार्यकर्ते मला भेटतात. त्यांच्याशी माझं भांडण आहे. आजी सांगायची, परभणीला जाऊन यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडायची, वर एसटीचं भाडं. अर्ज द्यायला एक खेप, अर्जाचं काय झालं विचारायला दुसरी. गरिबाचा न्याय अशा खेपांतच मरतो. मला जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या रहिवासाचा पुरावा लागला. त्या तारखेला माझा जिल्हाच नव्हता. एका कचेरीतला बाबू म्हणाला, जुन्या जिल्ह्यात जा. दुसरीकडचा म्हणाला, नव्या. शेवटी कागद सापडला तो उर्दूत. वाचणारा शोधायला आणखी एक हजेरी गेली.

म्हणून अंतर मोजायला शिका. अ‍ॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांत नियम १७ आहे. दर जिल्ह्याला दक्षता व नियंत्रण समिती, अध्यक्ष जिल्हाधिकारी, तीन महिन्यांत निदान एक बैठक. परभणी एक होता तेव्हा वर्षाच्या चार बैठका. दोन जिल्हे झाले, आठ झाल्या पाहिजेत. आठ वेळा कलेक्टरला आपल्या गावांची नावं ऐकावी लागली पाहिजेत. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसाही जिल्ह्याच्या वार्षिक योजनेतून येतो. तो कुठं गेला हे विचारायला आता परभणी गाठावी लागत नाही.

जिल्हा मागणाऱ्यांनी तो आपल्यासाठी मागितला नव्हता. पण झाला आहे, तर वापरा. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. पुढच्या आठवड्यात आपापल्या जिल्ह्यात अर्ज टाका: गेल्या वर्षी समितीच्या बैठका किती झाल्या, कोणत्या तारखांना, इतिवृत्ताची प्रत द्या. उत्तर आलं की वस्तीत मोठ्यानं वाचा. नाही आलं तर अपील करा, अन् अपिलाला एकटे जाऊ नका.