उपाशी बॅटरी

वडिलांची 1994 सालची साडेतीनशे सीसीची मोटरसायकल मी चालवतो. तीन वर्षांत तिला चार बॅटऱ्या घातल्या. हॉर्न घोगरा झाला, हेडलाइट पिवळा पडला, किक मारून मारून पाय भरून आला की माझं निदान ठरलेलं: बॅटरी गेली. मीटर लावून तपासणं हे ज्यांना गाडी कळत नाही त्यांचं काम, असं मी मनापासून मानत होतो. हेडलाइटवरचा अँपिअरचा काटा रेस दिल्यावर प्लसकडे सरकायचा. म्हणजे चार्जिंग चालू आहे, विषय संपला.

तिसरी बॅटरी सात महिन्यांत बसली तेव्हा मी दुकानदाराशी भांडलो. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुम्ही जुना माल नवं स्टिकर लावून विकता." त्यांनी आवाज चढवला नाही. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर काढला आणि सहाही सेलमधलं ॲसिड एकेक करून ओढून मला दाखवलं. सगळीकडे 1190 च्या आसपास. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते 1260 ते 1280 लागतं.

"एकच सेल खाली असता तर मी बॅटरी बदलून दिली असती," ते म्हणाले. "इथे सगळे सारखेच खाली आहेत. ही खराब नाही साहेब, उपाशी आहे. गाडी तपासून घ्या."

मी ऐकलं नाही. चौथी बॅटरी दुसरीकडून आणली.

दिवाळीत भाची आली होती. ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. तिने विचारलं, "मामा, इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्ट किती येतात?" मला सांगता येईना. तिने मीटर लावला. गाडी बंद असताना 12.3. चालू करून रेस धरली तरी 13.0 च्या वर जाईना. तिथे 14 च्या आसपास यायला हवे होते. मग तिने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, दुसरी रेग्युलेटरच्या अंगावर, आणि मला रेस धरायला सांगितली. मीटरवर 1.1. खरं तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं, फार तर 0.2.

रेग्युलेटरची अर्थिंग चेसिसमधून जाते. बोल्ट खोलला. वॉशरखाली काळा, चकचकीत, जाड रंग. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी हौसेने चेसिस रंगवून घेतली होती, आणि जोडताना प्रत्येक बोल्ट मी स्वतः आवळला होता. दुसऱ्या कुणाचा हात त्यात नव्हता.

पॉलिश पेपरने तेवढी जागा लोखंड दिसेपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. गाडी सुरू केली, रेस धरली: 14.0.

तो काटा खोटं बोलत नव्हता, हे मला त्यानंतर उमगलं. करंट आत जातोय एवढंच तो सांगतो. किती व्होल्टने जातोय ते त्याला ठाऊक नसतं. तेरावर बॅटरी थोडंफार घेत राहते, पण पूर्ण भरत नाही. प्लेटांवरचं लेड सल्फेट तसंच राहतं, महिन्यामहिन्याने कडक होतं आणि मग कितीही चार्ज केलं तरी निघत नाही. त्या बॅटऱ्या अशाच मेल्या. नव्या घालून मी त्यांनाही उपाशीच ठेवत होतो.

आता गाडीत काही बिनसलं की आधी मीटर काढतो. बंद गाडीचे व्होल्ट, मग चालू गाडीचे, मग अर्थिंग. बॅटरीवर शंका त्यानंतर.

दुसऱ्याच आठवड्यात त्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच बोललो, कारण वाईट शब्दही गिऱ्हाइकांसमोरच काढले होते. दुकानदारांनी माफीबद्दल काही म्हटलं नाही. "आता किती दाखवतोय?" त्यांनी विचारलं. चौदा म्हटल्यावर हातातलं काम ठेवलं, मीटर घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "चालू करा, मला बघू द्या."