चेहऱ्याची ओळख

परभणीहून जिंतूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाटेंत झरी हें गांव लागतें. आमच्या आत्याबाईंचें हें सासर. दिवाळी आटोपली कीं आम्ही एक दिवस तेथें जातों. पारावर बसलेला एखादा वृद्ध आमच्या तोंडाकडे क्षणभर निरखून पाहतो आणि "मास्तरांच्या मेव्हण्याचे चिरंजीव ना? नाक तेच!" असा निर्वाळा देतो. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवून मिळविलेली आमची सारी प्रतिष्ठा त्या नाकापुढें फिकी पडते.

आत्याबाईंनीं ऐंशी ओलांडली आहे. त्यांचे यजमान शाळामास्तर होते. त्यांच्या पश्चात् मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठीं आपण हयात आहोंत असा दाखला त्यांना दर नोव्हेंबरांत द्यावा लागतो. पूर्वीं त्यासाठीं अंगठा लागे. पण जन्मभर कापूस वेंचून आणि राखेनें भांडीं घांसून ज्याच्या रेषा झिजल्या, तो अंगठा यंत्राला पटेना. एके वर्षीं तर तीन खेपा झाल्या. आपण जिवंत आहोंत हें सिद्ध करण्यासाठीं म्हातारपणीं हेलपाटे घालावे लागणें, यांतला विनोद दुरून ऐकणाऱ्यालाच सुचतो.

'जीवन प्रमाण' ही सरकारी योजना २०१४ सालची. तींत चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्यें झाली. या खेपेस नातवानें ओसरीवरच मोबाईल धरला. "आजी, पदर जरा मागं घे. आता डोळे मिचकाव." परक्यासमोर डोईवरचा पदर कधीं न ढळूं देणाऱ्या आत्याबाईंनीं तो मागें सारला, दोनदां डोळे मिचकावले, आणि काम झालें. आम्हीं मनोमन या विद्येचे आभार मानले. पुण्याच्या विमानतळावर २०२३ पासून 'डिजियात्रे'मुळें चेहरा दाखवून आंत जातां येतें; तेथें आमचीं दहा मिनिटें वांचलीं असतील. येथें एका वृद्धेचा दिवस वांचला, आणि मानही.

पण आत्याबाईंचें समाधान झालेलें दिसेना. "त्यानं मला ओळखलं, बाबा. पण तो कोण, हे मला कुठं कळलं?" आम्हीं अध्यापकी थाटांत समजूत घातली : पलीकडे कोणी बसलेला नसतो; डोळे, नाक, हनुवटी यांच्या ठेवणीचे आंकडे होतात आणि ते आधारच्या छायाचित्राशीं ताडून पाहतात. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. "मग उद्या जत्रेत मी काही न सांगताही तो मला ओळखील की!"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आणि खरें सांगायचें तर तो आम्हांला पूर्वीं सुचलाच नव्हता. 'मी अमुक' असें म्हणणाऱ्याचें म्हणणें खरें कीं खोटें हें पाहणें वेगळें. आणि कांहींच न म्हणणाऱ्या शेंकडों वाटसरूंतून एक तोंड शोधून काढणें वेगळें. अंगठा आपण पुढें करावा लागतो. तोंड उघडेंच असतें. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, कोंकणांतले किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि १७७६ सालीं पुण्यास त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत मराठी राज्याला घोर लागून राहिला. पहिल्या प्रकारचें यंत्र त्या काळीं असतें तर, हा मोह आम्हांसही होतो. दुसऱ्या प्रकारांत मात्र तोतया कोणीच नसतो, आणि तरीही प्रत्येकाची तपासणी होते.

शिवाय यंत्र चुकतें. चेहऱ्यावरून केवळ स्त्री कीं पुरुष एवढेंच सांगणाऱ्या तीन यंत्रणा २०१८ सालीं अमेरिकेंत जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू या विदुषींनीं तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चूक शेंकडा एकाहूनही कमी. सांवळ्या स्त्रियांच्या बाबतींत एका यंत्रणेची चूक शेंकडा ३४.७ भरली. २०२० च्या जानेवारींत डेट्रॉइटजवळ रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय गृहस्थाला चोर समजून पोलिसांनीं त्याच्या लहान मुलींच्या देखत पकडून नेलें. ओळख यंत्रानें चुकीची पटविली होती. आमच्या पारावरचा म्हातारा चुकला तर त्याला "नव्हे, काका" असें म्हणतां येतें. शिवाय त्याचें तोंड आम्हांलाही ठाऊक असतें. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं दिला खरा. पण २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा सरकारला आपल्याच यंत्रणांना त्यांतून सूट देण्याची मुभा देतो.

आतां थोडें आमच्याविषयीं. आमच्या महाविद्यालयांत वर्गाच्या दारावर असेंच यंत्र बसवून हजेरी घ्यावी असा ठराव दिवाळीपूर्वीं आला होता, आणि मित्राच्या नांवानें 'हजर' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना कंटाळून आम्हीं त्यावर आनंदानें सही केली होती. मुलांना कोणीं विचारलें नव्हतें. त्यांच्या चेहऱ्यांचे आंकडे कोठें राहणार, किती दिवस, कोण पाहणार, यांविषयीं ठरावांत एकही कलम नव्हतें. आम्हींही तें शोधलें नाहीं. झरीहून परतल्यावर सही मागें घेत असल्याचें पत्र आम्हीं प्राचार्यांना दिलें. सहकारी हंसले, एकानें तर आम्ही म्हातारे झालों असें सुचविलें. ठराव कदाचित् मंजूरही होईल. समितीची बैठक पुढील सोमवारीं आहे. तोंवर जुन्या वहींतून नांवें पुकारणें चालू आहे, आणि काल तिसऱ्या बांकावरून एकाच आवाजांत दोघे हजर झाले.