हलका पाऊस, जड आंबा

एप्रिलचा पहिला वीकेंड. बॅग भरलेली, रत्नागिरीचं तिकीट खिशात आणि हवामान खात्याचा अंदाज काय, तर दक्षिण कोकणात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस’, यलो अलर्ट. झाली पंचाईत? अजिबात नाही! ‘तुरळक’ म्हणजे फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. आणि यलो म्हणजे ‘लक्ष ठेवा’, ‘घरी बसा’ नव्हे. निघालो.

सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर लख्ख ऊन. दुपारी समुद्रावरून दमट खारे वारे सुटले, आणि संध्याकाळपर्यंत सह्याद्रीच्या अंगाला ढगांचे डोंगर उभे! आम्ही फोटो काढण्यात दंग. पावसजवळ मुक्कामाला पोचल्यावर यजमानांना म्हटलं, ‘काका, क्लायमेट काय मस्त झालंय ना?’

काका आभाळाकडेच बघत होते. ‘तुमचं ठीक आहे हो. माझा वर्षाचा पगार झाडावर लटकलाय.’

तेव्हा ट्यूब पेटली. तयार होत आलेल्या हापूसवर पाऊस पडला की करप्याचे काळे डाग, मागोमाग फळमाशी. वारा सुटला की फळं खाली. पडलेला आंबा पेटीत जात नाही, कॅनिंगला जातो, तोही कमी भावात.

रात्री चार थेंब पडले आणि थांबले. काकांना झोप लागली, आम्हालाही.

तुम्हीही जरूर जा. विंडचीटर घ्या, विजा कडाडल्या की झाडाखाली थांबू नका. आणि मे महिन्यात पेटीच्या भावावरून घासाघीस करताना तो ‘हलका पाऊस’ एकदा आठवा.