डोळ्यांखाली लाल लिपस्टिक

2015 च्या जानेवारीत दीपिका मुत्यालाने यूट्यूबवर डोळ्यांखाली चक्क लाल लिपस्टिक लावली आणि लाखो लोक बघत राहिले. टेक्सासात वाढलेली ही भारतीय वंशाची मुलगी. युक्ती मात्र चित्रकाराच्या रंगपेटीतली. सावळ्या त्वचेवरची काळी वर्तुळं निळसर-राखाडी दिसतात, नारिंगी-लाल रंग तो निळेपणा मारतो.

नुसतं कन्सीलर थापलं की राख फासल्यासारखं दिसतं, हे सावळ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

लिपस्टिक घ्यायची ती मुगाच्या दाण्याएवढीच. अनामिकेने थोपटायची, घासायची नाही; वर कन्सीलर, मग पावडरचा हलका हात. जास्त झाली तर रात्रभर रडल्यासारखे डोळे! पुढे 2018 मध्ये मुत्यालाने लाइव्ह टिंटेड हा ब्रँड काढला. त्याची ह्यूस्टिक ही रंगकांडी डोळे, गाल, ओठ तिन्हींना चालते.