आधी पाणी, मग वारा

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या मराठी इंजिनिअरच्या दारात २००२ची पॉन्टिअ‍ॅक ग्रँड प्री जीटीपी दिसली की पाहुणे हळूच विचारतात, नोकरी ठीक आहे ना? पॉन्टिअ‍ॅकचा कारभार २०१० मध्येच आटोपला. पण बॉनेटखाली ३.८ लिटरचं व्ही-६ इंजिन, त्यावर ईटनचा एम-९० सुपरचार्जर आणि मूळचीच २४० अश्वशक्ती! टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. हा फिरतो इंजिनच्या बेल्टवर. म्हणून पाय दाबताच हवा कोंबली जाते आणि ती नादावणारी शिट्टी ऐकू येते.

पुण्यात गाडी गॅरेजवाल्याकडे सोडून चहाला जायची सवय. इथे तासाची मजुरी ऐकली आणि स्वतःच बाह्या सरसावल्या. एका गॅरेजने आयडलिंगची खडखड ऐकून सांगितलं होतं, सुपरचार्जर गेला, दुसरा घ्या. गेला होता तो फक्त कपलर. पुलीचा शाफ्ट आणि आतले गिअर यांना जोडणारा हा प्लास्टिकचा तुकडा झिजला की पिना त्याच्या भोकांत खुळखुळतात. तो किरकोळ किमतीत मिळाला. पुढचा भाग उघडलाच होता, म्हणून ऑइलही बदललं. सुपरचार्जरचं ऑइल इंजिनपेक्षा वेगळं असतं, हेच कित्येक मालकांना ठाऊक नसतं. जुनं निघालं ते काळंकुट्ट, आणि वास असा की गॅरेजचं दार उघडंच ठेवावं लागलं.

छोटी पुली बसवून ताकद वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. मी आधी हात घातला कूलंटच्या दोन प्लास्टिक एल्बोंना. वर्षानुवर्षं गरम पाण्यात राहून ते इतके ठिसूळ होतात की काढतानाच बिस्किटासारखा भुगा होतो. तुकडे आत पडू न देता काढण्यातच कसब आहे. हे रस्त्यात फुटले की इंजिन तापतं, आणि मग वाढवलेल्या ताकदीचं काय लोणचं घालायचं?

सुटे भाग स्वस्त, कारण हेच इंजिन ब्यूइक रीगल जीएसमध्ये आणि २००४-०५च्या इम्पाला एसएसमध्येही होतं. भंगार यार्डात आपले पाने घेऊन जायचं आणि हवं ते खोलून आणायचं. फायरवॉलकडचे तीन प्लग मात्र दिसतच नाहीत, बोटांनी चाचपडत काढावे लागतात. तिथे मराठीतल्या सगळ्या शिव्या आठवतात.

मग पुली. मूळची ३.८ इंचांची, मी ३.४ची बसवली, सुपरचार्जर सुमारे १२ टक्के जास्त वेगाने फिरू लागला. हवा जास्त दाबली की तापते, नॉकिंग होतं. ते सेन्सरला कळलं की कॉम्प्युटर इग्निशन मागे खेचतो आणि कमावलेली ताकद तिथेच गळते. म्हणून थंड प्रकारचे प्लग, ९३ ऑक्टेनचं पेट्रोल आणि सोबत स्कॅनर. जुलैच्या दुपारी तो अजून थोडं नॉक दाखवतो, रात्री गारव्यात नाही. एक्झॉस्ट मोकळा केला तर फरक पडेल. पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने दारांखालचा पत्रा पोखरलाय, त्यामुळे पुढचे पैसे वेल्डिंगलाच जाणार.